मणक्याचा संधिवात : मानेला व्यायाम हवा, झटका नको

मान दुखते म्हणून दवाखान्यात येणाऱ्यांची आपल्या भागात कमतरता नाही. आडत बाजारात पोती वाहणारे हमाल, शिलाई मशीनवर वाकून बसणाऱ्या भगिनी, लातूरच्या शिकवणी वर्गांत दिवसाचे दहा-बारा तास पुस्तकात मान खुपसून बसणारी मुले, नांदेड-लातूर रस्त्यावर मोटारसायकलने रोज ये-जा करणारे नोकरदार, यांपैकी कुणी ना कुणी रोज समोर बसलेले असते. त्यांतील बहुतेकांचे दुखणे स्नायूंवरील ताणाचे असते. चार दिवस विश्रांती, थोडा शेक आणि बसण्याची पद्धत सुधारली की ते बरे होतात. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्यांच्या मणक्यांत झीज असते, तीही वयानुसार येणारीच. पण याच गर्दीत एखादा पंचविशीतला तरुण असा असतो, की त्याचे दुखणे विश्रांतीने कमी होण्याऐवजी वाढते. आजचा लेख त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

या आजाराचे नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. नाव अवघड आहे आणि 'स्पाँडिलायसिस' या नेहमीच्या शब्दाशी त्याचे साम्य असल्याने घोटाळाही फार होतो. स्पाँडिलायसिस म्हणजे झीज. स्पाँडिलायटिस म्हणजे दाह, सूज. पहिला उतारवयातला, दुसरा ऐन तारुण्यातला. दोघांचे उपचार वेगळे आणि भवितव्यही वेगळे. तरी 'मणक्यात गॅप आहे' हे एकच वाक्य दोघांनाही ऐकवले जाते आणि दोघांच्याही कमरेला तोच पट्टा बांधला जातो.

हा संधिवात बहुधा पंचेचाळीस वर्षे वयाच्या आत, विशेषतः विशी ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो. सुरुवात कमरेच्या खालच्या भागात होते. कण्याचे तळाचे हाड आणि कमरेचे हाड जेथे जोडले जाते, त्या सांध्याला सूज येते. दुखणे कधी उजव्या कुल्ल्यात, कधी डाव्या. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास अंग लाकडासारखे ताठ असते. चालायला-फिरायला लागले, शेतात चार कामे केली की मोकळे वाटू लागते. झीज झालेल्या रुग्णाचे उलट असते. तो कामाने दुखतो आणि पडून राहिला की बरा होतो. रुग्णाला एवढा एकच प्रश्न नीट विचारला, तरी निम्मे निदान होते.

नंतर हा दाह कण्यातून वर सरकतो. छातीचे पिंजरे आवळल्यासारखे वाटते, दीर्घ श्वास घेता येत नाही. बऱ्याच रुग्णांत काही वर्षांनी मानेची पाळी येते. अस्थिबंध, म्हणजे मणक्यांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या, हाडाला जेथे चिकटतात तेथे सूज येते. ती ओसरताना त्या जागी नवे हाड तयार होते. वर्षानुवर्षे असे होत राहिले की मणके एकमेकांना सांधले जातात. एक्स-रेमध्ये कणा बांबूच्या काठीसारखा पेरापेरांचा दिसतो, म्हणून आमच्या पुस्तकांत त्याला 'बांबू स्पाइन' असेच नाव आहे. सर्वांचेच असे होत नाही, हे येथेच सांगून ठेवतो. वेळेवर उपचार आणि नियमित व्यायाम करणारे असंख्य रुग्ण नोकरी, शेती, संसार सर्व काही करतात.

आपल्याकडे हा आजार आहे का?

'हे शहरातल्या लोकांचे आजार, आम्हा खेड्यातल्यांना कशाला होतील', असे पुष्कळांना वाटते. महाराष्ट्रात या प्रश्नाचा मोठा शोध घेतला गेला आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. सुमारे चार हजार प्रौढांना सांधे, स्नायू व हाडांच्या दुखण्याविषयी विचारले गेले. त्यांपैकी जवळपास १८ टक्के लोकांना असे काही ना काही दुखणे होते. त्यात कष्टाने, ताणाने, झिजेने दुखणारेच फार होते. दाहाचा संधिवात थोड्यांना होता, पण होता. मणक्याचा हा दाहक संधिवात हजारांत काही जणांनाच होतो. संख्येने लहान वाटला तरी तो घराच्या कर्त्या मुलाला गाठतो, ही त्यातली खरी अडचण आहे. स्त्रियांनाही तो होतो. त्यांच्यात एक्स-रेवर खुणा उशिरा दिसतात, त्यामुळे निदान आणखी लांबते आणि 'बाळंतपणानंतरची कंबर' म्हणून बोळवण होते.

१९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी दाखवून दिले, की या रुग्णांपैकी बहुसंख्यांच्या रक्तात एचएलए-बी २७ हा आनुवंशिक घटक असतो. मात्र हा घटक असलेल्या बहुतेक निरोगी माणसांना आजार कधीच होत नाही. म्हणून नुसता रक्ताचा कागद हातात घेऊन घाबरून जाऊ नये. दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. 'आरए टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे संधिवात नाही' असे समजून कितीतरी तरुण घरी बसतात. ती तपासणी वेगळ्या संधिवाताची आहे. या आजारात ती निगेटिव्हच असते.

डोके कोठे आहे, हे कोण सांगते?

आता मानेकडे वळू. मान वळत नाही, ही या रुग्णांची तक्रार सर्वांना दिसते. तिच्याआड आणखी एक दोष लपलेला असतो. तो रुग्णालाही कळत नाही, आणि आम्ही सामान्य डॉक्टरही त्याच्याबद्दल फारसे बोलत नाही.

डोळे मिटा आणि तर्जनीने नाकाच्या शेंड्याला हात लावा. बोट बरोबर जागेवर गेले ना? डोळ्यांनी न पाहता हात कोठे आहे आणि नाक कोठे आहे, हे मेंदूला कसे समजले? आपल्या स्नायूंत, सांध्यांच्या आवरणांत आणि अस्थिबंधांत सूक्ष्म संवेदक असतात. स्नायू किती ताणला आहे आणि सांधा किती वाकला आहे, याची बातमी ते क्षणोक्षणी मेंदूकडे पाठवीत असतात. या ज्ञानाला आपण स्थितीची जाण म्हणू. पंचेंद्रियांत हिची गणना होत नाही, पण हिच्याशिवाय अंधारात पायरी उतरता येणार नाही की भाकरी थापता येणार नाही.

मान हे या जाणिवेचे मोठे ठाणे आहे. कवटीच्या खाली, मानेच्या अगदी वरच्या टोकाला जे लहान लहान स्नायू असतात, त्यांत या संवेदकांची दाटी हाताच्या बोटांच्या स्नायूंपेक्षाही कितीतरी पटींनी अधिक असते. निसर्गाने ही उधळपट्टी उगाच केलेली नाही. डोळे आणि कानाच्या आतले तोल सांभाळणारे यंत्र, दोन्हीही डोक्यात आहेत. डोके धडावर कसे बसले आहे, हे मानेने सांगितल्याशिवाय डोळ्यांनी आणि कानाने पाठविलेल्या बातमीचा अर्थ मेंदूला लावता येत नाही. डोळे, कान आणि मान या तिघांच्या साक्षी जुळल्या तर तोल राहतो. एकाची साक्ष फिरली की माणूस डगमगतो, गरगरल्यासारखे वाटते, पाऊल चुकते.

मणक्याच्या संधिवातात ही साक्ष कशी बिघडते, ते पाहा. सूज नेमकी अस्थिबंधांत आणि सांध्यांच्या आवरणांत असते, म्हणजे संवेदकांच्या घरातच. दुखते म्हणून माणूस मान हलवीत नाही, आणि न हलणाऱ्या मानेकडून मेंदूला नवी बातमी मिळत नाही. पाठीला पोक येऊ लागला की डोके पुढे झुकते. ते उचलून धरण्यासाठी मागचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात, आणि थकलेला स्नायू खोटी बातमी देतो. काही वर्षांनी मेंदूला ती झुकलेली अवस्थाच 'सरळ' वाटू लागते. अशा रुग्णाला 'सरळ उभे राहा' म्हटले तर तो म्हणतो, 'डॉक्टरसाहेब, सरळच तर उभा आहे!' तो खोटे बोलत नसतो. त्याच्या मेंदूतला ओळंबाच सरकलेला असतो.

दिवसाउजेडी डोळे ही उणीव भरून काढतात. खरी परीक्षा अंधारात होते. शेतीपंपाची वीज रात्री असली की रात्री-अपरात्री बांधावरून जाऊन मोटार सुरू करावी लागते. खाली ओली माती, हातात बॅटरी, मान खाली वाकून पायाकडे पाहायला तयार नाही, आणि डोके कोठे आहे याची बातमी अर्धवट. या आजाराचा माणूस अशा वेळी पडतो. आणि पडल्यावर त्याची मान मोडण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो. असे का, ते पुढे येईलच.

कपाळावरच्या बॅटरीची चाचणी

मानेची ही जाण मोजण्याची एक साधी पद्धत फ्रान्समधील डॉ. मिशेल रेव्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. आज जगभरचे फिजिओथेरपिस्ट ती वापरतात. तिच्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. आपले शेतकरी रात्री पाणी द्यायला जाताना कपाळाला जी बॅटरी बांधतात, ती पुरते. काचेवर काळा कागद चिकटवून मध्ये बारीक भोक पाडले, की प्रकाशाचा लहानसा ठिपका भिंतीवर पडतो. खेळण्यातला लेझर मात्र वापरू नये. डोळ्यात गेला तर इजा होते.

पाठ टेकून खुर्चीवर बसावे. डोके भिंतीपासून ९० सेंटीमीटरवर, म्हणजे सुमारे तीन फुटांवर असावे. समोर सरळ पाहिल्यावर प्रकाशाचा ठिपका जेथे पडतो, तेथे घरातल्या कुणीतरी खडूने फुली मारावी. मग डोळे मिटावेत, मान हळूहळू उजवीकडे सहज वळेल तितकीच वळवावी आणि आपल्या अंदाजाने पुन्हा मूळ जागी आणावी. आता डोळे उघडा. ठिपका फुलीवर आला का? किती अंतरावर आला, ते टेपने मोजा. पाच-सहा वेळा उजवीकडे आणि तितक्याच वेळा डावीकडे करून सरासरी काढा. निरोगी माणसाचीही थोडी चूक होतेच. चूक वारंवार सात सेंटीमीटरच्या पलीकडे जात असेल, म्हणजे कोनात सांगायचे तर साडेचार अंशांहून अधिक, तर मानेची जाण मंदावली आहे असे समजण्यास जागा आहे. यावरून आजाराचे निदान करू नये. साध्या मानदुखीतही असे होते. आपली सुरुवात कोठून आहे, एवढे कळण्यापुरतीच ही मोजणी.

ज्यांची मान पूर्णपणे सांधली गेली आहे, त्यांना ही चाचणी लागू नाही. त्यांनी मान वळविण्याचा अट्टाहासही करू नये.

गंमत अशी, की जी चाचणी तोच व्यायामही आहे. डोळे उघडल्यावर ठिपका कोठे आला हे दिसते, मेंदूला आपली चूक कळते आणि पुढच्या खेपेला तो दुरुस्ती करतो. रोज दहा मिनिटे असे केले तर काही आठवड्यांत ठिपका फुलीच्या जवळ येऊ लागतो. मानदुखीच्या रुग्णांत अशा प्रशिक्षणाने जाण सुधारते आणि दुखणेही कमी होते, हे रेव्हेल यांनीच १९९४ साली दाखविले. मणक्याच्या संधिवातात याच अंगाने झालेले अभ्यास अजून थोडे आणि लहान आहेत. त्यामुळे यानेच सर्व ठीक होईल, असे मी म्हणणार नाही. पण खर्च शून्य, हळुवारपणे केले तर धोका नगण्य आणि लाभाची शक्यता चांगली, असा उपाय टाकून देण्याचे मला कारण दिसत नाही.

हे जमू लागले की भिंतीवर खडूने आडवा इंग्रजी आठ काढावा आणि प्रकाशाचा ठिपका त्या रेषेवरून सावकाश फिरवावा. दुसरा प्रकार कॅलेंडरचा. समोरच्या कॅलेंडरवरील एका तारखेवर नजर खिळवून ठेवायची आणि मान हळू उजवी-डावीकडे न्यायची. तारीख अंधुक न होता वाचता आली पाहिजे. गरगरले तर थांबावे, दुसऱ्या दिवशी कमी वेगाने करावे.

ताकदीचे आणि लवचिकतेचे व्यायाम

या आजारात व्यायाम हा औषधाइतकाच उपचार आहे. कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ साली अशा अकरा चाचण्यांचा, एकूण ७६३ रुग्णांचा आढावा घेतला. घरी एकट्याने केलेला व्यायामही काहीच न करण्यापेक्षा चांगला, आणि जाणकाराच्या देखरेखीखाली गटाने केलेला त्याहून चांगला, असा निष्कर्ष निघाला. माझ्या अनुभवात गटाचा मोठा फायदा म्हणजे खाडा होत नाही.

सकाळी कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर अंग सैल असते, ती वेळ उत्तम. पहिला व्यायाम भिंतीचा. टाचा, कुल्ले आणि पाठ भिंतीला टेकवून उभे राहावे आणि हनुवटी वर न उचलता डोक्याचा मागचा भाग भिंतीला लावण्याचा प्रयत्न करावा. पाच सेकंद धरावे, सोडावे, असे पाच-सहा वेळा. डोके भिंतीला टेकत नसेल तर मधले अंतर दर महिन्याला एकदा टेपने मोजून वहीत तारखेसह लिहावे. डॉक्टरलाही या एका आकड्यातून बरेच कळते. अंतर वाढत चालले असेल तर उपचार कमी पडत आहेत, असे समजावे.

दुसरा हनुवटीचा. बसून, समोर पाहत, हनुवटी आडव्या रेषेत मागे सरकवायची. कपाटाचा खण आत ढकलावा तशी. मान खाली वाकवायची नाही. तिसरा तळहाताचा. तळहात कपाळावर ठेवून डोक्याने हाताला आणि हाताने डोक्याला दाबायचे, पण हलू कुणीच द्यायचे नाही. पाच सेकंद. तसेच उजव्या बाजूने, डाव्या बाजूने आणि डोक्यामागे हात गुंफून. जोर अर्धाच लावावा. येथे कुस्ती अपेक्षित नाही. यात सांधा हलत नसल्याने दुखऱ्या मानेलाही हे बहुधा झेपते. मान उजवी-डावीकडे वळविणे आणि कान खांद्याकडे झुकविणे हेही करावे, पण सावकाश, एका दिशेने एका वेळी. मान गोल गोल फिरवू नये.

मान एकटी सुधारत नाही. पाठ पोक काढून असेल तर मान पुढे येणारच. म्हणून दीर्घ श्वसनाने छाती फुगविणे, खांदे मागे खेचणे आणि दिवसातून एकदा-दोनदा पंधरा मिनिटे पालथे झोपणे, हेही याच व्यायामाचा भाग समजावेत. पालथे झोपणे जमत नसेल तर छातीखाली पातळ उशी घ्यावी. त्यानेही मान दुखली तर सोडून द्यावे.

ज्यांची मान आता वळतच नाही, त्यांनी तोलाचे व्यायाम करावेत. स्वयंपाकघरातल्या ओट्याला हात लावून एका पायापुढे दुसरा पाय ठेवून उभे राहणे, शरीराचा भार या पायावरून त्या पायावर नेणे, भिंतीजवळून एका रेषेत चालणे. मानेची साक्ष नसली तर पाय आणि घोटे ती उणीव काही अंशी भरून काढतात. हे करताना शेजारी कुणीतरी असावे.

योगासनांविषयी नेहमी विचारणा होते. भुजंगासन, ताडासन, श्वसनाचे प्रकार जमतील तसे चांगले. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन या आजारात करू नयेत. शिबिरात शेजारचा करतो म्हणून तर मुळीच नाही. पोहणे उत्तम. पण विहिरीत वरून सूर मारणे या रुग्णांना कायमचे वर्ज्य आहे.

झटका का नको?

ओली फांदी वाकवली तर वाकते. वाळलेली तुराटी वाकत नाही, कडकन मोडते. सांधलेला कणा तुराटीसारखा असतो. वरून ताठ आणि मजबूत दिसतो, पण आतील हाड ठिसूळ झालेले असते आणि धक्का शोषून घेणारी सांध्यांची हालचाल संपलेली असते. म्हणून साध्या पाय घसरून पडण्यानेही मणका मोडतो, आणि तो बहुतेकदा मानेच्या खालच्या भागात मोडतो. मणक्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला इजा झाली तर हात-पाय लुळे पडतात.

आता सांगा, अशा मानेला सलूनमध्ये दाढीनंतर दोन्ही बाजूंनी कडाकड मोडून घेणे म्हणजे काय? निरोगी माणसानेही हा प्रकार करू नये, असे माझे मत आहे. मणक्याच्या संधिवाताच्या रुग्णाने तर खुर्चीवर बसतानाच 'मानेला हात लावू नका' असे सांगावे. मान बसवून देतो, नस मोकळी करतो म्हणणाऱ्यांकडेही जाऊ नये, मग त्याची ख्याती पंचक्रोशीत का असेना. मानेला वजन लावून ताण देण्याचा उपचार, म्हणजे ट्रॅक्शन, या रुग्णाने तज्ज्ञाने एक्स-रे पाहिल्याशिवाय घेऊ नये.

मान वाकवली की पाठीतून विजेसारखी सणक जाणे, हातांना मुंग्या, बोटांतून वस्तू निसटणे, पाय जड पडणे, लघवीवर ताबा न राहणे, यांपैकी काहीही झाले तर व्यायाम ताबडतोब थांबवून डॉक्टरांना दाखवावे. ज्यांचा आजार अनेक वर्षांचा आहे, त्यांनी मानेचा कोणताही नवा व्यायाम सुरू करण्यापूर्वी एकदा एक्स-रे काढून सल्ला घ्यावाच.

पडल्यानंतर मान नव्याने दुखू लागली, किंवा बरीच वर्षे ताठ असलेली मान अचानक हलू लागल्यासारखी वाटली, तर मणका मोडला आहे असेच धरून चालावे. रुग्णाला उठवून बसवू नये. त्याचे डोके आधीपासून पुढे झुकलेले असेल तर ते सरळ करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. त्याची नेहमीची जी ठेवण असेल, तिलाच गोधड्या-उशांचा आधार देऊन तसेच न्यावे. साध्या एक्स-रेत असा मोड कित्येकदा दिसत नाही. 'फोटो नॉर्मल आहे' म्हटले तरी दुखणे कायम असेल तर सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा आग्रह धरावा.

औषधे आणि रोजचे जगणे

दाह कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या हा पहिला उपचार. त्यांनी दुखणे कमी होते आणि मग व्यायाम करता येतो. पोट, मूत्रपिंड, रक्तदाब यांवर लक्ष ठेवून त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. यांनी भागत नसेल तर जैविक औषधांची इंजेक्शने आता भारतातही तयार होतात. पूर्वीपेक्षा ती स्वस्त झाली असली तरी सामान्य कुटुंबाला जडच आहेत. ती सुरू करण्यापूर्वी शरीरात क्षयरोग दडलेला नाही ना, याची तपासणी झालीच पाहिजे. स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेण्याने या आजाराच्या कण्याला फायदा होत नाही, हाडे मात्र आणखी ठिसूळ होतात. नाव-गाव नसलेल्या पुड्यांत पुष्कळदा हेच स्टिरॉइड मिसळलेले सापडते. 'दोन दिवसांत फरक' पडण्याचे रहस्य ते.

विडी-सिगारेटने हा आजार वेगाने वाढतो. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर डोळे आले म्हणून मेडिकलमधून थेंब आणून घालीत बसू नये. या रुग्णांत डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज येते आणि तिचे उपचार त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे सुरू व्हावे लागतात.

झोपायला झोळ पडलेली बाज नको. सपाट पलंग किंवा जमिनीवर जाड सतरंजी, आणि उशी पातळ. एसटीत मागच्या सीटवर बसू नये, गतिरोधकाचा धक्का तेथेच अधिक बसतो. मोटारसायकलचे आरसे काढून टाकण्याची आपल्याकडे विचित्र हौस आहे. ज्याची मान वळत नाही, त्याच्या गाडीला दोन्ही आरसे हवेतच, आणि डोक्यावर हेल्मेटही. घरात रात्री न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा, उंबऱ्याजवळ पायपोस सैल पडलेले नसावे.

सकाळचा ताठरपणा आणि पहाटेचे कंबरदुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ असलेल्या तरुणांनी तपासणी पुढे ढकलू नये. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत अस्थिरोग विभागाला दाखविता येईल. व्यायाम पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर करून पाहावेत आणि चुका सुधारून मगच घरी सुरू करावेत.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक घरांत सांगायची राहून जाते. अशा रुग्णावर हर्नियाची असो, अपेंडिक्सची असो, कोणतीही शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना 'याची मान ताठ आहे, मणक्याचा संधिवात आहे' हे आदल्या दिवशीच सांगावे. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी मान मागे वाकवावी लागते, आणि या रुग्णाची मान तशी वाकत नाही. आधी कळले तर त्यांना वेगळी तयारी ठेवता येते. जुने एक्स-रे ट्रंकेच्या तळाशी न ठेवता दवाखान्याच्या पिशवीतच ठेवावेत.